‘गाठ लागली नाही, म्हणजे कर्करोग नाही’ : एका संदेशाचा प्रतिवाद

स्तनाच्या कर्करोगाविषयी एक संदेश सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात : महिन्यातून एकदा स्वतः तपासले आणि हाताला गाठ लागली नाही, तर कर्करोग नाही, गाठ लागली पण दुखत नसेल, तर ती साधी, घराण्यात कोणाला हा आजार नसेल, तर धोका नाही, आणि गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण चारही विधाने चुकीची आहेत आणि त्यातले दुसरे जिवावर बेतू शकते.

म्हणून आधी त्याचाच विचार करू. सुरुवातीच्या टप्प्यातली कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखत नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात, त्यामागे सहसा संप्रेरकांचा चढउतार असतो. ज्या घरात या अवयवाविषयी बोलणेच वर्ज्य असते, तिथे दुखणे हीच डॉक्टरकडे जाण्याची एकमेव मान्य सबब उरते, आणि न दुखणारी गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे आहे, पण कोणती कशाची, हे दुखण्यावरून ठरत नाही.

स्वतपासणीबाबत भक्कम पुरावा उपलब्ध आहे. शांघायमधील कापडउद्योगातल्या २,६६,०६४ स्त्रियांचा १९८९ ते १९९१ या काळात एका चाचणीत समावेश करण्यात आला आणि त्यांपैकी निम्म्या जणींना स्वतपासणी काटेकोरपणे शिकवली गेली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा शिकवलेल्या गटात या रोगाने १३५ आणि दुसऱ्या गटात १३१ मृत्यू झाल्याचे दिसले, म्हणजे फरक पडलाच नव्हता. शिवाय शिकवलेल्या गटात साध्या गाठींचे निदान जवळजवळ दुप्पट झाले होते. अगदी लहान गाठ बोटांना कळत नाही, ती मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, दिसू शकते. मात्र यावरून स्वतःकडे पाहूच नये, असा अर्थ काढणे मला तितकेच घातक वाटते, कारण अनेक गाठी आंघोळ करताना किंवा कपडे बदलताना त्या स्त्रीलाच प्रथम जाणवतात. आरशासमोर हात वर केल्यावर त्वचेला पडणारी खळी, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, काखेतली गाठ : हे बदल जिला आपले नेहमीचे रूप ठाऊक आहे, तिच्याच लवकर ध्यानात येतात. बदल ओळखणे तिच्या हाती आहे. निदान डॉक्टरांनी करायचे असते.

घराण्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर आनुवंशिक जनुकदोष सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांतच आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणे आणि वाढते वय यांखेरीज कोणताही ठळक धोका आढळत नाही.

सुईने रोग पसरून प्रकृती बिघडते, यालाही आधार नाही. गाठ संप्रेरकांवर वाढणारी आहे की नाही, हे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरूनच कळते, आणि आधी शस्त्रक्रिया करायची की औषधे द्यायची, हे ठरवताना डॉक्टरांना त्याच अहवालाचा आधार घ्यावा लागतो.