तपासणी सुरू आहे

मंगळवारी दुपारी ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर कुणी नव्हतं आणि मी एक प्रेमकथा वाचत होते. पान १४३.

"तपासताय वाटतं?"

समोर काका उभे. रोज दार उघडताच आत येऊन वर्तमानपत्राची पहिली घडी स्वतःच्या हाताने मोडणारे काका. पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यांना नीट दिसत होतं. त्यावरच्या नायकाच्या शर्टाला बटणं होती, पण लावण्यासाठी नव्हती. अशा वेळी माणसाने खरं बोलावं.

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले, ते अजून मलाच कळलेलं नाही. हातात खुनाची कादंबरी असती तर हा प्रश्नच आला नसता. चौदा मुडदे पडलेलं पुस्तक ग्रंथपालबाईंनी उघड्यावर वाचलं तर लोक कौतुकाने विचारतात, "कुणी केला?" दोन धडधाकट माणसं शेवटी एकमेकांना होकार देणार असली, की मात्र लगेच तपासणी.

"वाटलंच मला," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे ते काउंटरवर टेकले. "पूर्ण वाचावं लागतं का हो?"

"पूर्ण."

"अरेरे. आणि अशी किती आहेत?"

"दोन कपाटं."

"दोन!" काका वाचनकक्षाकडे वळले. तिथे तीन मुलं अभ्यासाला बसली होती. "ऐकलंत का रे? मॅडम दोन कपाटं तपासतात. आणि तुमचा एक धडा उरकत नाही."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुखपृष्ठाकडे, मग एकमेकांकडे. त्यातला एक खाली वाकून पेन शोधू लागला. पेन त्याच्या कानावरच होतं.

"निकष काय लावता?" काकांनी विचारलं.

"बांधणी," मी म्हणाले. "पानं सुटली आहेत का, वगैरे."

"ते झालं शरीराचं. आशयाचं काय?"

"आशय ठीक आहे."

"कुठपर्यंत ठीक?"

"एकशे त्रेचाळीसपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे मी गेलेले नाही."

"मग जाऊच नका," काका म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "तुम्ही एकट्याने का सोसायचं? मी ३६ वर्षं ऑडिटमध्ये काढली. मला सवय आहे. लाल शाईने खुणा केल्या तर चालतील?"

"पुस्तकात खुणा करायच्या नाहीत."

"पेन्सिलीने?"

"नाही."

"मग वहीत करतो. पान, ओळ, आक्षेप, शेरा. चार रकाने पुरे."

नियमाप्रमाणे मागणीला आलेलं पुस्तक सभासदाला नाकारता येत नाही. मी शिक्का मारला. १४ दिवस. माझी खूणचिठ्ठी काढून घ्यायला गेले तर काका म्हणाले, "राहू द्या. तुमचं काम कुठवर झालंय ते कळेल."

आता मुद्दा असा, की मी पूर्ण खोटं बोलले नव्हते. प्रेमकथांची तपासणी होते, आणि आमच्या कामात तितकी कसून दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाची होत नाही. कारण साधं आहे. ज्या पुस्तकाला हात लागत नाही त्याचं काय तपासणार? तीन खंडांतलं तत्त्वज्ञान दहा वर्षांनंतरही नवं कोरं असतं, त्याला फक्त धूळ. प्रेमकथा एका वर्षात म्हातारी होते.

पुस्तक नवं आलं की आधी पानं मोजायची. छापखान्यात एखादा फर्मा (एकत्र घडी घातलेल्या सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा लागतो आणि दुसरा राहून जातो, मग पान ९६ नंतर पुन्हा ८१ येतं. इतिहासाच्या पुस्तकात ही चूक चार वर्षांनी कळते, प्रेमकथेत त्याच रात्री, आणि सकाळी दार उघडायच्या आत वाचक पायरीवर. मग पाठ मोकळी करायची. पुस्तक पाठीवर टेबलावर उभं धरायचं, पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, अशी आळीपाळीने आडवी करत बोटाने हलकेच दाबत मधोमध यायचं. हे न करता नवं पुस्तक मधूनच फाडकन उघडलं, तर पाठीवरचा डिंक तिथेच तडकतो. स्वस्त कागदी बांधणीत शिवण नसते. पानांच्या कडा खरवडून त्यांना गरम डिंक लावलेला असतो, बस्स. एकदा चीर पडली की पुस्तक आयुष्यभर त्याच पानावर उघडतं. म्हणून कुठलीही जुनी प्रेमकथा टेबलावर ठेवून हात काढून घ्या, वाचकांना काय आवडलं ते पुस्तक स्वतःच सांगतं. आशयाचं ऑडिट म्हणतात ते हेच, काका, आणि त्याला चार रकाने लागत नाहीत.

पुढे शिक्के. एक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, आणि एक ठरलेल्या गुप्त पानावर, म्हणजे चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपलंच म्हणून ओळखता यावं. मग दाखल क्रमांक, तारखेची चिठ्ठी, आणि पाठीवर बोधांकाची, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणाऱ्या आकड्याची, चिकटपट्टी. इथे खरी पंचाईत होते. या पुस्तकांची पाठ जेमतेम बोटभर रुंद. पट्टी पाठीवर मावत नाही, वळून पुढे येते आणि बरोबर नायकाच्या तोंडावर बसते. दोन कपाटं भरून बिनचेहऱ्याचे नायक आहेत आमच्याकडे. वाचकांची आजवर तक्रार नाही.

बोधांकाचंही तसंच. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात (१८७६ पासून चालू आहे हे) मराठी कादंबरीला ८९१.४६३ आणि इंग्रजी कादंबरीला ८२३. खून असो, भूत असो की प्रणय, कादंबरी ती कादंबरी. प्रेमकथेला म्हणून निराळा आकडा नाही. प्रत्यक्ष प्रेमाला मात्र आहे. मानसशास्त्रात प्रेम १५२.४१ वर, नीतिशास्त्रात १७७.७ वर. लग्न ३०६.८१ आणि घटस्फोट ३०६.८९. लग्न आणि घटस्फोट एकाच फळीवर, मध्ये आठ शतांशांचं अंतर. पण प्रेमापासून लग्नापर्यंत पोहोचायला दीडशेवर आकडे आणि काही कपाटं ओलांडावी लागतात. ड्यूईसाहेबांना अनुभव असावा.

सगळ्यात अवघड तपासणी पुस्तक परत आल्यावरची. पाठ धरून हलकेच झटकायचं. पावत्या पडतात, केसांच्या पिना पडतात, एकदा चष्म्याची काडी पडली होती. मग वास घ्यायचा. ओलसर कुबट वास आला तर ते पुस्तक त्या दिवशी फळीवर जात नाही. वेगळं ठेवून, कोरड्या हवेत पानं उघडी करून वाळवायचं. नाहीतर एका पुस्तकाची बुरशी शेजारच्या दहांना लागते. सुटलेल्या पानाला आतल्या कडेने दोनतीन मिलिमीटर पांढऱ्या डिंकाची रेघ द्यायची, पान जागेवर सरकवायचं, दोन्ही बाजूंना मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. सेलोटेप नाही. सेलोटेप लावणारा वाचक भल्या मनाचा असतो हे मान्य, पण काही वर्षांत तिचा चिकटा पिवळा पडतो, पाझरतो, शेजारच्या पानालाही धरतो, आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो. एखाद्या जुन्या प्रेमासारखा, असं लिहिणार होते. पण डाग खरोखरच राहतो आणि मला त्याचा खरोखरच राग येतो.

आणि सातव्या नाहीतर अकराव्या पानावरच्या आकड्याभोवतीचं ते बारीक वर्तुळ! नावं इतकी सारखी असतात, की आपण हे वाचलंय का ते कुणालाच आठवत नाही. मग प्रत्येक जण आपली गुप्त खूण करतो. एकीचं वर्तुळ, एकाची फुली, एकीचा टिंब. काही पुस्तकांत त्या पानावर एवढी गर्दी आहे, की आकडाच दिसत नाही. खोडरबर घेऊन बसणं हे माझं काम. मी ते करत नाही. आपल्याच मागच्या वर्षीच्या वर्तुळाशी अडखळून पुस्तक परत ठेवणाऱ्या बाईंचा चेहरा मी पाहिलेला आहे. माझीसुद्धा खूण आहे. कुठे ते सांगणार नाही.

हे सगळं करणारी बाई ती पुस्तकं वाचते म्हटलं, की लोकांना दया येते. ही दया जुनी आहे. १८९०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रंथालयांत दोन पुस्तकांची पद्धत निघाली. एका वेळी दोन पुस्तकं न्या, पण त्यातली कादंबरी एकच. दुसरं काहीतरी हिताचं. त्या हिताच्या पुस्तकांनी किती घरांत नुसता मुक्काम केला असेल, ते काउंटरवर बसलेल्या कुणालाही विचारा.

खरं तर ही कादंबरी ग्रंथालयांच्याच अंगाखांद्यावर वाढली. लंडनमध्ये १८४२ साली मुडी नावाच्या गृहस्थांनी वर्गणीवर पुस्तकं द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी, एका वेळी एक खंड. कादंबरी तीन खंडांची असली की तीच एका वेळी तीन घरी फिरे, म्हणून तीन खंडांना भाव. लेखक बिचारे ताणत बसले. दुसऱ्या खंडात नायिका खिडकीतून पाऊस बघत बसली असेल, तर त्यामागे उदासी नसून मुडींचा हिशेब आहे. १८९४ मध्ये ग्रंथालयांनीच ही चाल बंद पाडली आणि नायिका भराभर लग्नं करू लागल्या. पुढे १९०८ साली निघालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेने १९३०च्या दशकात प्रणयकथांवर भर दिला, तेव्हाही त्यांचं मोठं गिऱ्हाईक भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयंच होती. तपकिरी पुठ्ठ्याची पुस्तकं. तपकिरी, शर्टाचा प्रश्नच नाही. मंगळवारी माझ्या हातात तपकिरी पुठ्ठा असता तर काकांनी नमस्कार करून पुढची वाट धरली असती.

शेवट मात्र करुण. पुस्तकं काढून टाकण्याचे जे निकष आम्हाला शिकवतात, त्यात चुकीची माहिती, फाटकी अवस्था यांच्या जोडीला एक 'क्षुल्लक'सुद्धा असतं. चुकीचं आणि फाटकं मला कळतं. क्षुल्लक कुणी ठरवायचं? इंग्लंडमध्ये २००३ साली एका टोलरस्त्याच्या डांबरात प्रणयकथांच्या सुमारे २५ लाख प्रतींचा लगदा घातला. खडी धरून राहते आणि आवाज कमी होतो म्हणे. गंभीर ग्रंथांचा लगदा चालला असता की नाही कोण जाणे, पण २५ लाख प्रती जमवायला त्या आधी छापाव्या लागतात.

आणि हो, वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा भरघोस दिसतो तो याच दोन कपाटांच्या जिवावर. अनुदान मागताना तो ठळक टाइपात छापतात. खरेदीच्या बैठकीत हीच कपाटं 'ती तसली' होतात. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ते आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं आहे. मी त्याच्या बरोबर खाली बसून "तपासतेय" म्हणाले.

राहता राहिलं पान १४३. या कथांचा आकार ठरलेला असतो. साधारण ५०,००० शब्द, १९० च्या आसपास पानं. पहिल्या प्रकरणात गाठ, मध्याच्या अलीकडेपलीकडे जवळीक, आणि पाऊण पुस्तक झालं की सगळं कोसळतं. पत्र भलत्याच्या हाती पडतं, नाहीतर नायक तोंड न उघडता निघून जातो. १९० चा पाऊण हिस्सा म्हणजे १४२ आणि अर्धं पान. शेवटी ती दोघं एकत्र येणार हे मला ठाऊक आहे. तसं झालं नाही तर ती प्रेमकथाच नव्हे. पण कशी येणार, हे वाचायलाच तर माणूस पुढची सत्तेचाळीस पानं वाचतो. माझा नायक चार दिवस झाले, सामान उचलून दारात उभा आहे.

आज काका वही घेऊन आले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठवर आलं?"

"एकतीस."

"एकशे एकतीस?"

"नुसतं एकतीस. मधूनच कसं सुरू करणार? ओपनिंग बॅलन्स जुळायला नको?" त्यांनी वही उघडली. चारही रकाने पट्टीने आखलेले. "आतापर्यंत आक्षेप एकच. या माणसाच्या मालकीची तीन जहाजं आहेत. पण तो कामावर जाताना कुठेच दिसत नाही. उत्पन्नाचा मार्ग दाखवलेला नाही."

चार दिवसांत ३१ पानं. या वेगाने १४ दिवसांत काही होत नाही, मुदत वाढवून मागणार. पुस्तकाला आगाऊ मागणी नोंदलेली असेल तर मुदत वाढवून मिळत नाही, हा नियम मला पाठ आहे. काका वर्तमानपत्राकडे वळल्याबरोबर मी मागणीची नोंदवही ओढली.

तीन नावं आधीच लागलेली होती. तिन्ही मंगळवारची, वाचनकक्षातल्या मुलांची.

म्हणजे काकांचे उरलेले दहा दिवस आणि मुलांचे बेचाळीस. माझा नंबर चौथा. कर्मचाऱ्यांनी रांग मोडू नये, अशी सूचना काउंटरच्या काचेखाली लावलेली आहे. ती मीच टंकली होती.