‘तो’ फोटो: बंदीही नाही, पहिलाही नाही

कॅनडातल्या कवयित्री रूपी कौर यांचा मासिक पाळीवरचा फोटो नग्न होता, म्हणून इन्स्टाग्रामने त्यावर कायमची बंदी घातली, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. २०१५ च्या त्या फोटोत पाठमोरी झोपलेली, अंगभर कपडे घातलेली बाई आहे; पँटवर आणि चादरीवर रक्ताचे डाग, एवढंच. विद्यापीठातल्या अभ्यासासाठी केलेल्या मालिकेतला हा फोटो. इन्स्टाग्रामने तो दोनदा काढला हे खरं, पण नंतर चूक मान्य करून परत लावला.

‘पाळीवरची पहिली कलाकृती’ हेही खोटं. अमेरिकन कलाकार जूडी शिकागो यांनी १९७१ मध्येच, फोटोवरून केलेल्या ‘रेड फ्लॅग’ या छापचित्रात रक्ताळलेला टॅम्पॉन काढणारा हात दाखवला होता. कितीतरी प्रेक्षकांना तो टॅम्पॉन आहे हे ओळखताच आलं नव्हतं म्हणे!