नाशिकच्या काकांना उत्तर: ट्रॅकपँट, गुडघे आणि ओलं बूड

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली, पण उत्तर द्यायला आठवडा लागला. त्यातल्या दोन गोष्टी झोंबल्या, आणि झोंबल्या म्हणजे बहुधा खऱ्या असणार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थंडीत डोंगरात सायकल चालवताना पायात काय घालावं, या माझ्या लेखावर काका म्हणतात: मी बारा वर्षं नाशिकला सायकल चालवतो, निफाडचा पारा पाच-सहावर आलेला असताना पहाटे अंजनेरीकडे जातो, अंगात साधी सुती ट्रॅकपँट. मला कधी काही झालं नाही. पाय तर सतत चालत असतात, त्यांना कसली थंडी? मेरिनो (मऊ लोकर), बिब (खांद्यावर पट्टे असलेली पँट), थर हे सगळे चोचले आहेत. थंडीने गुडघे कायमचे जातात हे कशाच्या आधारावर लिहिलंत? आणि तुमचं ऐकून वॉटरप्रूफ पँट घेतली, तर आतून घामाने निथळलो. जानेवारीत मुलाकडे एडिंबराला येतोय, तीच ट्रॅकपँट आणणार आहे. बघू काय होतं ते.

काय होतं ते मी बघितलंय काका, सांगतेच. आधी माझ्या चुका.

गुडघ्यांचं वाक्य मागे घेते. उघड्या गुडघ्याला वारा लागून सांधा कायमचा बिघडतो असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता. आमच्या ग्रुपमधले जुने लोक म्हणतात म्हणून मीही ठोकून दिलं. जे मला ठाऊक आहे ते एवढंच, की गार पडलेला गुडघा आखडतो. मांडीला जाडजूड स्नायू आहे, तो चालला की भट्टीसारखा तापतो. गुडघ्याच्या वाटीवर मात्र कातडी आणि हाड, मध्ये जवळजवळ काही नाही. त्याला ऊब बाहेरूनच द्यावी लागते.

‘पाय चालत असतात’ हे तुमचं म्हणणं रस्त्यावरच्या सायकलला बऱ्यापैकी लागू पडतं. तिथे पेडल थांबत नाही. आपण जोर लावतो त्यातला साधारण पाव भागच सायकल पुढे ढकलायला जातो, उरलेल्याची उष्णता होते. डोंगरी सायकलचं गणित निराळं आहे. तासभर ताशी सहा-सातच्या वेगाने चढायचं, घामाने भिजायचं, आणि मग दहा मिनिटं पेडल न मारता, सीटवरून उठून, गुडघे वाकवून ताशी तीसने खाली यायचं. भट्टी बंद झालेली असते, कपडे ओले असतात आणि वारा थेट गुडघ्यांवर येतो. कॅनडा-अमेरिकेत वाऱ्यासह थंडी मोजायचं जे कोष्टक 2001 पासून वापरात आहे, त्यानुसार 2 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे 4 ची थंडी. म्हणून मी म्हणते, कपडे चढासाठी निवडायचे नाहीत. चढावर माणूस काहीही घालून गरम राहतो.

आता तुमची ट्रॅकपँट. मी मूळची साताऱ्याची. दर हिवाळ्यात ‘वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले’ ही बातमी वाचत मोठी झाले, त्यामुळे थंडीचा एक भाबडा गर्व मलाही होता. इथे स्कॉटलंडला आल्यावरच्या पहिल्याच डिसेंबरात मी ग्लेनट्रेसला गेले. एडिंबरापासून दक्षिणेला, ट्वीड नदीच्या खोऱ्यात, पीबल्स गावाजवळचं हे जंगल. 2023 च्या जागतिक स्पर्धेत डोंगरी सायकलच्या क्रॉसकंट्री शर्यती इथेच झाल्या. गाडीतला काटा 3 अंश दाखवत होता. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, हवेतच पाणी तरंगत होतं. अंगात सुती ट्रॅकपँट, उजवा पायचा साखळीत जाऊ नये म्हणून मोज्यात खोचलेला.

चढ मजेत गेला. मांड्यांमधून वाफ निघत होती. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की पँट जड झालीय. वरून झिरपणारं पाणी, आतून घाम, आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखलाचा फवारा बरोब्बर बुडावर. नाडी दोनदा आवळली तरी पँट खाली ओघळायची. वर पोहोचले आणि मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायला मला वीसेक मिनिटं लागली. पहिली पाच मिनिटं मांड्यांतून वाफ येत होती, मग ती थांबली. त्यानंतर कापड गुडघ्याला असं चिकटलं की ओल्या पोतेऱ्याने कोणी पाय बांधून ठेवलेत. पाणी नडगीवरून मोज्यात उतरत होतं. टायर रिमवर चढवताना हातांपेक्षा गुडघेच जास्त थरथरत होते.

पण खरी फजिती उतारावर झाली. उतरताना बूड सीटच्या मागे न्यावं लागतं आणि परत पुढे आणावं लागतं, तुम्हाला माहीतच आहे. पाण्याने लोंबलेला पँटचा आसनाचा भाग सीटच्या टोकात अडकला. मी पुढे यायच्या ऐवजी तिथेच लटकले, पाय पेडलवरून सुटला आणि पेडलच्या खिळ्यांनी नडगी सोलली. खूण अजून आहे. दुपारचे साडेतीन झाले होते, झाडांखाली अंधार पडला होता. उरलेला उतार मी चालत उतरले.

म्हणजे थंडीपेक्षा ओल वाईट. तुमचा निफाडचा पाच अंशांचा गारठा कोरडा असतो. तासाभरात ऊन येतं आणि घाम जागच्या जागी वाळतो. तिथे ट्रॅकपँट चालते, आणि तिथे माझे थर खरंच चोचले आहेत, हेही मान्य. इथल्या जानेवारीत चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवसभरात तो टेकडीच्या वर डोकं काढेलच असं नाही. काही वाळत नाही. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीसपट वेगाने ऊब काढून नेतं.

लोकरीचं काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. भर पावसात मेंढरांमागे उभा असलेला धनगर डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतो, सुती चादरीची नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी थोडीफार ऊब राखते. मेरिनो म्हणजे तीच गोष्ट, फक्त न टोचणारी. (घोंगडीची लेगिंग कोणी काढली तर पहिली गिऱ्हाईक मी.) मेरिनो महाग वाटते तर पॉलिएस्टरची, आतून मऊ लव असलेली टाइट्स घ्या. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, पिळली की निम्मं काम झालं. दोष एकच, वास मारते. लोकर दोन फेऱ्या निभावते, ही एकाच फेरीत घरच्यांच्या लक्षात येते.

तुमची वॉटरप्रूफ पँट हा माझा दुसरा गुन्हा. मी लेखात ‘हवीच’ असं लिहिलं होतं, कुठे आणि कधी ते न सांगता, आणि तुम्ही ती जुलैत त्र्यंबकच्या वाटेवर घातलीत. तिच्या आत जी पातळ पापुद्र्यासारखी फिल्म असते, ती घामाची वाफ बाहेर सोडते खरी, पण आत गरम-दमट आणि बाहेर गार-कोरडं असा फरक असेल तरच. आपल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच वाफेने गच्च, शिवाय उबदार. वाफ जाणार कुठे? तुम्ही निथळलात यात पँटचा दोष नव्हता, सल्ला देणारीचा होता. इथल्या थंडीत तीच पँट बरी वागते, पण वरचं कापड पाणी झटकतंय तोवरच. पाणी मोत्यासारखं ओघळायचं थांबलं आणि कापड गडद दिसायला लागलं की समजायचं, तिचा श्वास कोंडला. मग ती साध्या साबणाने धुऊन, वर पाणी झटकणारा लेप पुन्हा द्यायचा. कपडे मऊ करणारं ते सुगंधी लिक्विड तिला अजिबात लावायचं नाही. मी लावलं होतं.

आणि आता तर मी पूर्ण पँट क्वचितच घालते. वॉटरप्रूफ चड्डी घालते, गुडघ्यापर्यंतची. भातलावणीतलं इरलं आठवा. डोकं-पाठ झाकलेली, पुढून आणि खालून सताड उघडं. पाणी जिथून येतं तिथे आडोसा, बाकी हवा खेळती. सायकलवर पाणी येतं बुडाखालून आणि मांडीवर, तेवढंच झाकायचं. आत टाइट्स, त्यावर ही चड्डी, गुडघ्यांवर नी-पॅड. आपटण्यासाठी घातलेले पॅड ऊबही छान देतात, वेगळे नी-वॉर्मर घ्यायची गरज उरत नाही. फक्त ते रात्री गाडीत ठेवू नका. काही पॅडमधला फोम थंडीत लाकडासारखा कडक होतो आणि पहिले दोन किलोमीटर पाय वाकता वाकत नाही. मागच्या चाकावर एक मडगार्ड लावलंत तर कपड्यांवरचा निम्मा खर्च वाचेल, हे मात्र मी मूळ लेखात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही.

बिबवरून तुम्ही हसलात. खांद्यावर पट्टे असलेली पँट म्हणजे बालवाडीचा गणवेश, हे तुमचं वाक्य घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. पण उतारावर वाकलं की टीशर्ट वर सरकतो, पँट खाली सरकते आणि मधली वीतभर कंबर उघडी पडते. नेमका तिथेच चिखलाचा फवारा बसतो. बिबमुळे ती वीत झाकलेली राहते. पुरुषांनी बिनधास्त घ्यावी. बायकांनी घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: जंगलात, 2 अंशांत, झुडपामागे जायची वेळ आली तर जॅकेट, स्वेटर, सगळं उतरवावं लागेल का? मागून चेन किंवा पट्ट्याला हूक असलेल्या बिब मिळतात, त्याच घ्याव्यात. माझी पहिली बिब बनवणाऱ्याच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता, इतकंच म्हणते.

आणि हो, बुडाखाली गादी शिवलेल्या, पॅडवाल्या सायकलच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. यावर मात्र मी एक पाऊलही मागे येणार नाही. ओल्या सुती चड्डीची शिवण आणि सीट यांच्यामध्ये तीन तास कातडी घासली की काय होतं हे लिहून दाखवण्यासारखं नाही.

तर जानेवारीसाठी तुम्ही दोनच गोष्टी घ्या: लव असलेली टाइट्स, मांडीला घट्ट पण पोटरीवर न काचणारी (काचली तर बोटं आधी बधिर होतात), आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे. दुकानात उभं राहून माप बघू नका. उकिडवे बसा, गुडघ्यामागे कापड गोळा होतंय का आणि कंबर उघडी पडतेय का ते बघा. पॅडवाली चड्डी तुमच्याकडे आहेच. वॉटरप्रूफ चड्डी, नी-पॅड आणि मडगार्ड माझ्याकडून घ्या, घरात जादा आहेत.

ट्रॅकपँट मात्र नक्की आणा. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाडीत ठेवायची. फेरी संपली की पार्किंगमध्ये टॉवेल कमरेला लावून, एका पायावर उड्या मारत सगळं ओलं काढायचं आणि ती कोरडी, सुती, सैल ट्रॅकपँट चढवायची. त्या क्षणी तिच्यासारखं वस्त्र जगात नाही. चहाचा थर्मास मी आणते.

तुमची उंची तेवढी कळवा. नवऱ्याची सायकल तुमच्यासाठी काढून ठेवते, सीट आधीच लावता येईल.