पहाटेपेक्षा भरती बघा

लेख आवडला, पण ‘किनाऱ्यावर पक्षी बघायला पहाटेच पोहोचा’ हे पटलं नाही. आमचा कोथरूडचा नऊ जणांचा गट मागच्या डिसेंबरात खोपोली-पेणमार्गे अलिबागजवळच्या आक्षीला गेला. चारला उठून! पोहोचलो तर समुद्र पार आत गेलेला, आणि पक्षी म्हणजे वाळूवर सांडलेले तीळ. दुर्बिणीतूनही चिखल्या कुठला नि तुतवार कुठला, कळेना. टपरीवाल्या काकांनी विचारलं, “तिथी बघितली होती का?” त्यांचा हिशेब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी, म्हणजे साडेचारच्या सुमारास. दुपारी दोननंतर पाणी चढू लागलं तसे थवे आपोआप आमच्याकडे सरकत आले. काळ्या डोक्याच्या कुरवाचं (म्हणजे ‘गल’ या समुद्रपक्ष्याचं) डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, फक्त डोळ्यामागे काळा ठिपका. तपकिरी डोक्याचाही जवळजवळ तसाच दिसतो, पण त्याचा डोळा फिकट. यावरून आमच्यात परतीच्या घाटापर्यंत वाद! (मीच चुकले होते.)

एक विनंती, फोटोसाठी बसलेले थवे उडवू नका. भरतीत त्यांना टेकायला जागा आधीच थोडी उरते.