रिमोट तुमच्या हातात आहे म्हणे!

परवा रात्री पोरानं पुण्याहून एक मेसेज फॉरवर्ड केला. वर लिहिलेलं, 'चॅनेलवाल्यांना शिव्या देण्याआधी हे वाचा'. खाली त्यानं स्वतःचं एक वाक्य जोडलेलं, "पप्पा, खरंय की हे." मी सतरा वर्षं बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत केबल चालवलेला माणूस. हाच मेसेज आधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा अंगठ्यानं वर सरकवला. आता पोरालाच पटलाय म्हणल्यावर गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. लोकांना आवडतं तेच दाखवलं जातं, टीआरपी हा जनतेचा कौल आहे. मराठवाड्यातून दुष्काळ आणि मारामाऱ्या सोडून बातमीच निघत नाही. मराठवाडी बोली विनोदालाच शोभते. साचे उगाच तयार होत नाहीत, 'बीडचं काय झालंय ते बघा'. आणि शेवटी, नको असेल तर रिमोट तुमच्याच हातात आहे.

कौल म्हणे! कौल द्यायला आधी मतदार यादीत नाव लागतं. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं खेड्यातले आकडे पहिल्यांदा दिले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. तोवर सगळी मोजणी शहरातली. म्हणजे ज्या काळात गावंढळ नोकर, अडाणी सरपंच, कमरेवर हात ठेवून भांडणारी बाई हे साचे टीव्हीवर पक्के झाले, त्या काळात आमच्या आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. खेड्यातले आकडे आल्यावर काय झालं? जुन्या मालिका फुकटात दाखवणारी चॅनेलं वरच्या रांगेत येऊन बसली. जाहिरातवाले चक्रावले. आम्हा केबलवाल्यांना त्यात नवल नव्हतं.

२०२०च्या सुमाराला देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी आणि कुठलं चॅनेल बघतात ते टिपणारं मीटर लावलेली घरं ४४ हजारांच्या आसपास. एका घराच्या पाठीवर पावणेपाच हजार घरांची आवड. यात चूक आहे असं मी म्हणत नाही, शितावरून भाताची परीक्षा होतेच. पण शितावरून भात शिजला का एवढंच कळतं. घरात भाकरी हवी होती का, हे शीत कसं सांगणार?

आणि हे वृत्तवाहिन्यांच्या भक्तांनी नीट ऐकावं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण काढलं. पुढं तो खटला मागेही घेतला गेला, ते असो. पण तेव्हा बार्कनं एकेका वृत्तवाहिनीचे आकडे देणं जे थांबवलं, ते मार्च २०२२ पर्यंत. सतरा महिने! सतरा महिने दर आठवड्याचा कौलच येत नव्हता, मग आरडाओरड कुणाच्या आवडीसाठी चालू होती? मला तर त्यात एका पट्टीचाही फरक ऐकू आला नाही. सवय असते ती. आणि स्वस्त पडतं. चार जणांना चौकटीत बसवून भांडायला लावलं की ना गाडी लागते ना बातमीदार.

आता बीड. इथं माझं डोकं खरं फिरलं.

आमच्या शेजारच्या केज तालुक्यात, मस्साजोगच्या सरपंचाचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला. झालाच. वाळू, खंडणी, पुढाऱ्यांचे पंटर, यातलं काहीही मी नाकारणार नाही. चॅनेलवाल्यांनी तेव्हा विषय लावून धरला म्हणून बरंच काही हललं, हेही मन मारून कबूल करतो. पण तिथून पुढं 'बीडचा बिहार झाला' हे जे सुरू झालं ते थांबेचना. (बिहारच्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, तेही कुणी विचारलं नाही.)

आता हाच मेसेज पाठवणाऱ्या माझ्या पोराची गोष्ट. गेल्या जूनमध्ये तो खोली बघत होता. एजंटनं विचारलं, गाव कुठलं? अंबाजोगाई. "म्हणजे बीड ना?" हो. "मालकांना विचारून सांगतो." फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी पोरानं सांगितलं, "आम्ही लातूरकडचे." खोली मिळाली. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं होतं, आणि आता म्हणतोय साचे उगाच तयार होत नाहीत!

साचा काय दाखवतो यापेक्षा काय झाकतो ते बघा. बीडमधून दरसाल काही लाख माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, ती फिटेस्तोवर तोडत राहायचं, आणि एक दिवस खाडा पडला की दंड. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅमेरे आले, 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' असला मथळा लागला, कॅमेरे गेले. उचल, खाडा, मुकादम हे शब्द किती जणांच्या कानावर पडले? बायको 'अर्धा कोयता' का, हे विचारायला एक संध्याकाळ पुरली असती.

बोलीचं एवढंच सांगतो की मालिकेतला मराठवाडी माणूस एका वाक्यात 'कामून' म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात कोल्हापूरला जाऊन येतो. आमच्याकडं 'काय करायलास' म्हणतेत, ते आईच्या मयतीलाही तसंच म्हणतेत. मकरंद अनासपुरेंनी ती बोली चालवून दाखवली, लोकांनी डोक्यावर घेतलं. बाकीच्यांनी त्यातला फक्त हशा उचलला.

दुष्काळाचं अर्धं खरं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा माझे गिऱ्हाईकही टीव्हीसमोरून उठत नव्हते. पण २०२५च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात पुरानं रानंच्या रानं खरडून नेली. आणि जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना बियाण्याच्या कामासाठी १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे पोराला ठाऊकच नव्हतं. बातमी निघत नाही म्हणे.

राहिला रिमोट. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आला, १३० रुपये अधिक जीएसटीत शंभर चॅनेलं, वरचं ज्यानं त्यानं निवडायचं. मी फॉर्म घेऊन घरोघर हिंडलो. लोकांना पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, काय बघता? "कीर्तन लागतंय ते ठेवा." "क्रिकेट." "बाजारभाव कशात सांगतेत?" मंडी बाजारातल्या एका आजीनं चष्मा वर करून विचारलं, "भांडण नसलेल्या बातम्याचं हाय का एखांदं?" मी सह्याद्रीपुढं खूण केली. पण वरून चॅनेलांचे जे गठ्ठे आले त्यात तिला न मागितलेली चार बातम्यांची चॅनेलं बांधूनच आली, कारण सुटं घ्यायला गेलं की महाग पडत होतं.

ते फॉर्म अजून माळ्यावर आहेत, सुतळीनं बांधलेले. पोराला कळवलंय, दिवाळीला आलास की खाली काढ आणि एकेक वाच.