बारा मीटरवाले काका

"बारा मीटरवाले काका ना? काच घेऊन खाली उभा आहे, टेम्पो आत घेऊ का?"

आज सकाळी साडेनऊला हा फोन. तोंडात ब्रश. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण काच माझीच आणि बारा मीटरवाला काकाही मीच. (त्यातलं 'काका' पण लागलंच, पण ते नंतर कधीतरी.)

झालं असं की आमच्या डायनिंग टेबलची काच फुटली. तिच्यावर गरम कुकर कोणी ठेवला याबद्दल घरात दोन मतं आहेत, सोडा. मी टेप लावून माप घेतलं, 123.5 बाय 76.2 सेंटीमीटर. दोनदा घेतलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि काचवाल्याकडे गेलो. काउंटरवरच्या पोराने मान वर न करता विचारलं, "एमएममध्ये किती?"

आता हे मला येतं हो. दहाने गुणायचं, पॉइंट एक घर सरकवायचा, संपलं. पण मागे काच घासायच्या मशीनचा कर्रर्र आवाज, मागून एकजण "जरा सरका" म्हणतोय, आणि माझ्या डोक्यात 'सेंटी म्हणजे शंभर' हे चौथीपासून इतकं घट्ट बसलंय की मी पॉइंट उचलला तो थेट दोन घरं पुढे नेऊन ठेवला. आणि पुटपुटलो असतो तरी चाललं असतं, मी ठणकावून सांगितलं, "बारा हजार तीनशे पन्नास."

पोराने मान वर केली. "काका, बारा मीटर होतात. टेबल आहे का बस?"

इथे विषय संपायला हवा होता. मी हसलो असतो, तो हसला असता. पण कोपऱ्यात स्टुलावर एक साठीचे गृहस्थ बसले होते, मांडीवर त्यांच्या वडिलांचा फोटो. फ्रेमची काच तडकलेली, ती बदलायला आले होते. चंदनाचा हार काढून खिशात ठेवलेला, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

"साडेचाळीस फूट," ते म्हणाले. मला नाही, फोटोला. "ऐकलंत ना अण्णा? साडेचाळीस फुटी टेबल."

मी म्हटलं, "अहो, चुकून झालं."

"मापात चुकून नसतं," असं म्हणून त्यांनी फोटो फिरवून माझ्याकडे तोंड करून धरला. म्हणजे आता दोघं बघत होते. "अण्णा मोजणी खात्यात होते. 33 फुटी साखळी खांद्यावर टाकून जिल्हा पालथा घातला. 33 बाय 33 म्हणजे किती?"

मी काचेचं माप द्यायला आलो होतो. तरी तोंडातून आपोआप निघालं, "नऊशे..."

"एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. एक गुंठा." मग जरा मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं, "शाळेत शिकवलं असेल ना? किलो, हेक्टो, डेका..."

"मीटर, डेसी, सेंटी, मिली," काउंटरवरच्या पोराने पूर्ण केलं. त्याला कोणी विचारलं होतं?

आता माझीही सटकली. म्हटलं, "हे हेक्टो नि डेका पुस्तकाबाहेर कोणी बघितलेत का? पत्ता सांगताना कोणी म्हणतं का, मारुतीच्या देवळापासून तीन हेक्टोमीटर पुढे या, मग डावीकडे वळा?" मला वाटलं, हा मुद्दा बिनतोड आहे. मागचा 'जरा सरका'वाला हसलासुद्धा.

गृहस्थांनी रुमालाने अण्णांचा चष्मा पुसला. म्हणजे फोटोतला. "गावाला शेत आहे तुमचं?"

"नाही."

"तरीच. सातबारावर क्षेत्र कशात असतं? हेक्टर-आर. हेक्टर म्हणजे हेक्टोमीटर बाय हेक्टोमीटर. आर म्हणजे डेकामीटर बाय डेकामीटर, शंभर चौरस मीटर. अण्णांनी मग जन्मभर काय मोजलं?"

काय बोलणार? समोर गेलेला माणूस. मी चक्क फोटोकडे बघून "सॉरी" म्हणालो.

घरी येऊन चिडून वाचत बसलो, तर हा मीटर पहिल्यापासूनच घोळातला निघाला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं फ्रेंचांनी ठरवलं. मग 1792 मध्ये देलांब्र आणि मेशँ असे दोघं खगोलशास्त्रज्ञ, त्यावरून सगळं अंतर काढता यावं म्हणून, फ्रान्समधलं डंकर्क ते स्पेनमधलं बार्सिलोना हा पट्टा मोजायला निघाले, सहा-सात वर्षं लागली. त्यात मेशँला बार्सिलोनाच्या मोजणीत गडबड सापडली, ती त्याने मरेपर्यंत कोणाला सांगितली नाही. आणि एवढं करून मीटर ठरला तो 0.2 मिलीमीटर आखूडच. मी निदान अर्ध्या मिनिटात कबूल झालो होतो. पण मेशँच्या वेळी स्टुलावर अण्णा नव्हते.

बरं, खरा राग पुढेच आहे. मी शेवटी मान खाली घालून "बाराशे पस्तीस बाय सातशे बासष्ट" म्हटलं, पोराने टाइप केलं, आणि आत तोंड करून कारागिराला ओरडला, "अठ्ठेचाळीस पाच सूत, तीस!"

इंच! सूत! म्हणजे इंचाचा आठवा भाग!

म्हटलं, "अरे, मग मला एमएम कशाला विचारलंस?"

"कॉम्प्युटरला लागतं."

म्हणजे मी सेंटीमीटर आणले, त्याने मिलीमीटर मागितले, कापणार इंच-सुतात, आणि बिल? बिल चौरस फुटात! जाडी मात्र 12 एमएम, तेवढं एक बारा बरोबर. मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 साली. आणि बिलात लांबी अठ्ठेचाळीस नाही, एकावन्न इंच लावलेली. का? तर तीनच्या पटीत धरतात, पद्धत आहे. म्हणजे माझा पॉइंट एक घर चुकला तर अख्ख्या दुकानाने शाळा घेतली, आणि यांचे दोन इंच तीन सूत चुकतात ती पद्धत. जवळपास अर्धा चौरस फूट काचेचे पैसे दिले मी, जी काच कुठेच नाही. यावर स्टुलावरून काही आलं नाही. अण्णासुद्धा गप्प. मोजणी खात्याची माणसं बिलाच्या बाबतीत पडत नाहीत वाटतं.

असो. तर आज काच आली. दोन पोरांनी धापा टाकत वर आणली, बसवली, चहा पिऊन गेली. अगदी बरोबर बसली, सुतभरही फरक नाही. मग मी कौतुकाने हात फिरवला तेव्हा दिसलं, मार्करने ठळक काहीतरी लिहिलंय. पुसायला गेलो तर जाईना, कारण लिहिलेली बाजू खाली गेलीये, त्यामुळे ते उलटं दिसतं. मुलीने मोबाइलवर फोटो काढून, फिरवून वाचून दाखवलं.

"12 मी. काका."

अठ्ठावीस किलोची काच आहे, एकट्याने उचलत नाही. बायकोला म्हटलं जरा हात लाव, तर ती म्हणाली जेवण झाल्यावर बघू, आणि नेमकी त्याच अक्षरांवर आमटी ठेवली.