कागदी धुलाई

कपडे धुण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेलं नाही. घरकामाच्या वाटपात बाकीची खाती हुशार माणसांनी आधीच पटकावली आणि उरलेलं माझ्या गळ्यात पडलं. पण पडल्यावर मी ते इमानाने सांभाळलंय. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, मोजे सुलटे करून, खिसे चाचपून. खिशात सापडणारी चिल्लर ही या पदाची एकमेव वरकमाई, आणि हल्ली कुणी चिल्लर बाळगत नाही. तेव्हा साबण बदलण्याचा निर्णय संबंधित खात्याला न विचारता परस्पर वरच्या पातळीवर झाला, याचा मला राग आला, एवढं नमूद करून पुढे जातो.

वरची पातळी म्हणजे बायको. तिने एक चपटं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"कपड्यांचा साबण."

"नमुना आहे का?"

"नमुना कसला! पुढचे काही महिने पुरेल."

पाकिटात पांढरे कागद होते. वहीच्या कागदापेक्षा जाड, हाताला किंचित खरबरीत, मधोमध फाडायला टिंबांची रेघ. एका वेळच्या धुण्याला एक कागद, कपडे थोडे असले तर अर्धा. मी वास घेतला. वास नव्हता. फुंकर मारली तर वरचा कागद उडून खाटेखाली गेला. फुंकरीने उडणाऱ्या वस्तूवर माझ्या पँटींची जबाबदारी टाकायची, हे पचायला वेळ लागला.

बायकोचा मुद्दा मात्र बिनतोड होता. द्रव साबणाच्या बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. घरात नळ असताना आपण ते पाणी विकत आणतो, ट्रक ते वाहून नेतात, आणि त्यासाठी जाड प्लास्टिकची बाटली लागते, जी नंतर कुठे जाते ते कुणी बघत नाही. कागद म्हणजे पाणी काढून टाकलेला साबण. मी खोडून काढायला काही सापडतंय का ते बघितलं. नाही सापडलं. असे मुद्दे मला मनापासून आवडत नाहीत.

आईने कागद उजेडात धरला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हा मशीनच्या खाली ठेवायचा का? हलू नये म्हणून?"

तर पहिलं धुणं. कागद ड्रमच्या तळाशी, वर कपडे, बटण दाबलं. आमचं मशीन समोरून दार असलेलं आहे, त्यामुळे आतलं सगळं काचेतून दिसतं. आई स्टूल ओढून समोर बसली. कपडे वर जात होते, खाली पडत होते, पाणी गढूळ होत होतं. फेस नव्हता.

"साबण घातलास ना?"

"घातला."

"मग दिसत का नाही?"

मी फेसाचं शास्त्र सांगायला घेतलं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे पुष्कळ रेणू मळकट तेलाभोवती कोंडाळं करतात आणि त्याला कपड्यावरून उचलून पाण्यात नेतात. काम ते. फेस म्हणजे त्याच रेणूंनी हवेला धरून केलेला टाइमपास. शिवाय अशा मशीनमध्ये कपडे उंचावरून आपटतात म्हणून धुतले जातात. फेसाची गादी झाली की आपटणं मऊ पडतं. म्हणून या मशीनसाठीच्या पावडरीत फेस दाबणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. ती "बरं" म्हणते तेव्हा विषय संपतो, मत बदलत नाही. खरं सांगायचं तर माझंही बदललं नव्हतं. मेंदूला फेसाचं शास्त्र पटलेलं असतं, डोळ्यांना कोण सांगणार?

कपडे वाळले आणि वेगळाच पेच उभा राहिला. त्यांना कशाचाच वास येत नव्हता. घामाचा नाही, फुलांचा नाही, "डोंगरावरच्या पहाटे"चा तर अजिबात नाही. घरात जो तो टॉवेल नाकाला लावून फिरायला लागला. मुलीने धुतलेला शर्ट मळक्या कपड्यांच्या टोपलीत परत टाकला, मी काढून कपाटात ठेवला, तिने पुन्हा टाकला. कपड्यांना नुसत्या कपड्यांचा वास येणं हीच खरी स्वच्छता, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग न धुतलेले आणि धुतलेले यांच्यातला फरक कसा ओळखायचा?" मी तिला अभ्यासाला बसवलं.

त्यानंतरचा प्रसंग काळ्या पँटचा. घाई होती म्हणून गार पाणी आणि सगळ्यांत छोटी फेरी लावली, ड्रमही ठासून भरला. बाहेर काढली तर गुडघ्याच्या जरा वर शेंबडासारखा पांढुरका, बुळबुळीत पट्टा. नखाने खरवडला तर तो नखाखाली गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. ओल्या फडक्याने पुसला तर पसरला. वाळल्यावर तिथलं कापड एवढं ताठ झालं की पँट गुडघ्यात वाकेना.

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं त्या दिवशी वाचली. कागदाचं अंग ज्याचं बनतं त्या पदार्थाचं नाव पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. ("अल्कोहोल?" आई आतून म्हणाली. तिला बाकी काही ऐकू येत नाही.) 1924 साली जर्मनीत दोन रसायनतज्ज्ञांनी हा पदार्थ पहिल्यांदा बनवला. तेव्हापासून त्याने हात घातला नाही असा धंदा नाही. डोळे कोरडे पडणाऱ्यांच्या थेंबांत तो असतो. कापडगिरणीत विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, तीही बऱ्याचदा याचीच. विणून झालं की धुऊन काढून टाकतात. म्हणजे माझ्या पँटला जन्माआधी कदाचित जी खळ दिली आणि काढली होती, ती मी तिला परत दिली. या पदार्थाचे प्रकारही असतात: एक गार पाण्यात विरघळतो, दुसऱ्याला चांगलं गरम पाणी लागतं. कागदात अर्थातच पहिला वापरतात, पण त्यालाही पाणी आणि मोकळी जागा मिळावी लागते. माझ्या ड्रममध्ये दोन्हींची टंचाई होती.

आता मुलीने मोबाइल काढला. हल्ली घरातला कुठलाही वाद एवढ्यावर थांबत नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत "प्लास्टिकमुक्त" लिहिलेलं होतं, आणि हा पदार्थ पेट्रोलियमपासून बनणारा कृत्रिम पॉलिमर निघाला. बनवणारे म्हणतात, तो पाण्यात पूर्ण विरघळतो आणि सांडपाण्यातले जीवाणू त्याला खाऊन टाकतात. 2021 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की तिथल्या गटारांत जाणाऱ्या या पदार्थापैकी सुमारे तीन चतुर्थांश शुद्धीकरणातून निसटून पुढे जातो. त्यावर बनवणारे म्हणाले, अंदाज चुकीचा आहे. मग कळलं की त्या अभ्यासाला पैसा पुरवला होता हा पदार्थ न वापरता साबणाच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीने. या पदार्थाच्या नव्याने चाचण्या घ्यायला लावा, असा अर्ज तिथल्या पर्यावरण खात्याकडे गेला, तो 2023 साली फेटाळला गेला.

मुलगी एकेक वाक्य वाचत होती आणि बायकोचा चेहरा दर वाक्याला बदलत होता. मी एक अक्षर बोललो नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला कुठे बोलू नये हे समजतं. शेवटी तीच म्हणाली, "निदान बाटली तर वाचली." ते खरं होतं. बाटली वाचली होती.

पाकीट आम्ही मशीनच्या वर ठेवत होतो, कारण जगातला सगळा साबण मशीनच्या वर ठेवला जातो. पण पाण्यात विरघळणं हाच ज्याचा धर्म, त्याला ओला हात आणि वाफाळलेलं न्हाणीघर यांतलं काहीच चालत नाही. कुणाच्या तरी ओल्या बोटांनी वरचे दोन-तीन कागद एकमेकांना चिकटले, मग खालचे, आणि एका सकाळी पाकिटातून अखंड वडी निघाली. ती मी सुरीने कापली. त्यानंतर पाकीट कपाटात गेलं आणि कागद काढायला जाण्यापूर्वी हात पुसायचे असा नियम झाला. हात पुसायच्या टॉवेलला अर्थात कशाचाच वास येत नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट मला छळत होती. कॉलरी स्वच्छ निघत होत्या. सुरुवातीला तशा निघत नव्हत्या. कॉलरीच्या आतल्या घडीवर घाम, त्वचेचं तेल आणि मेलेली त्वचा यांची जी तपकिरी रेघ बसते, ती काढणं येरागबाळ्याचं काम नाही. पावडरीत त्यासाठी अख्खी पलटण असते: पाण्याचा जडपणा मोडायला धुण्याचा सोडा आणि झिओलाइट, डागांचा रंग उडवायला ऑक्सिजन सोडणारं ब्लीच, आणि मळ अक्षरशः पचवणारी विकरं. ही विकरांची कल्पना ऑटो रोम या जर्मन रसायनतज्ज्ञाची. 1913 साली त्याने जनावरांच्या स्वादुपिंडातला पाचकरस धुण्यात वापरण्याचं पेटंट घेतलं. पावडरीचं माप चांगलं मूठभर असतं, कागद भरतो जेमतेम काही ग्रॅम. त्यात मुख्य साबण आणि थोडी विकरं मावतात, पण पलटण कुठून मावणार? आणि तरी कॉलरी लख्ख. पांढरे शर्ट तर निळसर झाक मारत होते.

त्या निळसर झाकेवर माझा संशय गेला. बऱ्याच पावडरींत असा एक पदार्थ असतो, जो डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतो. पिवळटपणा त्यात झाकला जातो आणि कापड आहे त्याहून पांढरं दिसतं. धुतलं जात नाही, फक्त दिसतं. आमच्या पाकिटावर मात्र "चकाकी आणणारी रसायनं नाहीत" असं छापलेलं होतं.

मुलीकडे अदृश्य शाईचं पेन आहे, त्याच्या टोपणाला अतिनील दिवा असतो. रात्री न्हाणीघरातला दिवा बंद करून मी शर्टावर तो मारला. शर्ट भूत बघितल्यागत पेटला.

"सापडला पुरावा!" मी म्हणालो. "कुणीतरी पावडर घालतंय."

मुलीने दिवा माझ्या हातातून घेतला आणि अजून एकदाही न धुतलेल्या, पुठ्ठ्यासकट असलेल्या रुमालावर मारला. तोही पेटला. मग वहीच्या कागदावर मारला. तोही. "बाबा, हे कारखान्यातच लावतात," ती म्हणाली. खटला बाद.

"अंधारात काय चाललंय बापलेकीचं?" आई दारात होती. मी सांगितलं.

"त्याला दिवा कशाला लागतो? मला विचारायचंस. मी घालते ना चमचाभर जुनी पावडर, तुझी पाठ फिरली की."

"आई, तुम्हीपण?" मागून बायको म्हणाली, आणि लगेच गप्प झाली.

हिशेब असा निघाला. प्रत्येक धुण्याला एक कागद मी घालत होतो. त्यावर आई चमचाभर पावडर टाकत होती, कारण कागदाने कपडे धुतले जात नाहीत. त्याच्या आधीच बायकोने चमचाभर टाकलेली असायची, कारण कागद आणण्याचा निर्णय तिचा होता आणि तो चुकलेला तिला परवडणार नव्हता. काळ्या पँटपासून भीती बसल्यामुळे मी एक खळबळण जास्तीची लावत होतो. म्हणजे साबण पूर्वीपेक्षा जास्त, पाणी पूर्वीपेक्षा जास्त, वीज जास्त. मधे काचेतून थोडा फेस दिसायला लागला होता तेव्हा हीच आई मला म्हणाली होती, "बघ, कागद आता मुरला."

पावडरीचा डबा मी ताब्यात घेतला आणि वाटाघाटी झाल्या. टॉवेल, चादरी आणि कॉलरी पावडरीकडे. रोजचे, फारसे न मळणारे कपडे कागदाकडे, कोमट पाण्यात, अर्ध्या-पाऊण भरलेल्या ड्रममध्ये. प्रवासाला जाताना बॅगेत कागदच, तिथे त्याला तोड नाही. सांडत नाही, गळत नाही, वजन नाही. बायको समाधानी आहे. मीही आहे.

आईने मात्र स्वतःची पद्धत काढली आहे. ती कोरड्या हाताने कागद फाडते, मगभर गरम पाण्यात टाकून पळीने ढवळते आणि पूर्ण विरघळला की मगच मशीनच्या कप्प्यात ओतते. पट्टे उमटत नाहीत, आणि ढवळताना मगात भरपूर फेस येतो तो तिला डोळ्यांनी दिसतो. रोज ढवळायचा कंटाळा येतो म्हणून आता ती आठवड्याचे कागद एकदम विरघळवून ठेवते. कशात? तर माळ्यावर टाकलेली द्रव साबणाची जुनी बाटली तिने धुऊन घेतली आहे. कारखान्याने खटपट करून काढलेलं पाणी आमच्या घरी असं परत घातलं जातं. बाटलीवर जुन्या साबणाचं नाव तसंच आहे. बायको म्हणाली, "आई, ते लेबल तरी काढून टाकूया."

"राहू दे गं," आई म्हणाली. "कपड्यांना जरा धीर येतो."